सात-नऊचा जोडा

मी आयुष्यभर परक्या पुरुषांच्या पायाशी बसले. नवऱ्याच्या पाया पडले ते लग्नात, गुरुजींनी सांगितलं म्हणून, तेवढंच. तो अजून अधूनमधून टोमणा मारतो. मी म्हणते, बूट घ्यायला आमच्या दुकानात आला असतास तर तुझेही धरले असते.

आमचं दुकान दादर पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. फक्त पुरुषांचे, फक्त ऑफिसचे बूट. काळे, तपकिरी आणि फार तर टॅन. मालक अब्बासशेठ. मी लालबागहून तिथे कामाला लागले ते गल्ल्यावर बिलं फाडायला. पण गणपती आले आणि आमचे दोन्ही सेल्समन एकदम कोकणात गेले. कोकणातल्या माणसाला गणपतीत कोण अडवणार? त्याच आठवड्यात दुकानात ही गर्दी. शेठ घामाघूम. शेवटी म्हणाला, "सुषमाबेन, बिल मैं फाडता हूँ, तुम पैर देखो."

मी स्टुलावर बसले, मापाची पट्टी पुढे केली, आणि समोरच्या गृहस्थाने विजेचा धक्का बसल्यासारखा पाय मागे घेतला. "अहो, अहो, हे काय? बाई माणसाने पायाला हात लावायचा?" मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई लावते ना? मग मलाही लावू द्या." तो लाजत लाजत पाय पुढे करून बसला. आठ नंबर होता. इतकी वर्षं सात नंबर घालत होता बिचारा.

सेल्समन परत आले, पण मी काही स्टुलावरून उठले नाही. गिऱ्हाइकंही हळूहळू सरावली. गिरगावातून एक आजोबा यायचे, त्यांना मात्र शेवटपर्यंत सवय झाली नाही. मी वाकले की त्यांचा हात आपोआप वर जायचा, "अखंड सौभाग्यवती भव!" डावा बूट घालताना एकदा, उजवा घालताना एकदा. जोड पसंत पडेपर्यंत आशीर्वाद चालूच. आमच्या ह्यांची तब्येत अजून ठणठणीत आहे ती त्या आजोबांच्या चोखंदळपणामुळे, असं माझं मत आहे.

आता लोक विचारतात, इतकी वर्षं बूट विकलेत, तर सांगा, ऑफिससाठी चांगला बूट ओळखायचा कसा? त्यात काही मोठी विद्या नाही. माणसं बूट डोळ्यांनी निवडतात आणि पायांनी भोगतात, एवढाच घोळ आहे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगायचे, जमलं तर संध्याकाळी या. दिवसभरात पाय जरासा फुगतो. सकाळी छान बसलेला बूट दुपारी चारला करकचून धरतो. रोजचे मोजे घालून या. दोन्ही पायांत बूट घाला, उभे राहा, दुकानभर चाला, लाजू नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. टाच उचलली की बुटाचीही टाच बरोबर उठली पाहिजे. पाऊल जिथे दुमडतं तिथेच बूट दुमडायला हवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो चावणार. लेदरवर अंगठा दाबून बघा. बारीक सुरकुत्या पडल्या तर ते चामडं. काचेसारखं नुसतंच चकाकत राहिलं तर वरून लेप दिलेला आहे, पुढेमागे पोपडे निघणार. सोल शिवलेला असेल तर नवा घालून मिळतो, नुसता चिकटवलेला असेल तर गेला की गेला. आणि "वापरून सैल होईल हो" असं सेल्समन म्हणाला, तर हसून सोडून द्या. बूट रुंदीला थोडा सैल होतो, लांबीला कधीच नाही.

शेवटचं सांगायला मला नेहमी संकोच वाटायचा. एकच जोड रोज घालू नका, दोन ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. मुंबईच्या दमट हवेत घामाने भिजलेला बूट एका रात्रीत सुकत नाही, त्यालाही सुट्टी लागते. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई दुसरा जोड गळ्यात मारतेय. ते खरं म्हणजे शेठलाही वाटायचं, म्हणून तो खूश असायचा.

रुंदीवरून आठवलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला एक तरुण बँकेत लागला आणि फोनमध्ये टोकदार बुटाचा फोटो घेऊन आला. होडीवर आणि वाळूत अनवाणी वाढलेला पाय, पंख्यासारखा पसरलेला. तो त्या टोकात शिरणार कसा? मी त्याला गोल तोंडाचा, रुंद बूट घालायला लावला. नाक मुरडून घेऊन गेला. पुढच्या महिन्यात परत आला तो हातात आमच्याच दुकानाचा बुटाचा खोका घेऊन. मला वाटलं, तक्रार आली. उघडून बघते तर आत सुके बोंबील! "आईने दिलेत तुम्हाला. पाय एकदम मस्त." दोन दिवस आमच्या इटालियन डिझाइनच्या बुटांना बोंबलाचा वास येत होता. शेठ नाकाला रुमाल लावून बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्यातले अर्धे बोंबील घरी घेऊन गेला.

पण मला खरं सांगायचंय ते धैर्यवानसाहेबांचं.

धैर्यवानसाहेब ठाकुरद्वारचे, जुन्या गिरगावकर घराण्यातले. पणजोबांच्या काळी म्हणे तीन-चार घरं होती. साहेबांपर्यंत त्यातलं आडनाव आणि कडक इस्त्री एवढंच पोचलं होतं. फोर्टात सॉलिसिटर होते. पांढरा शर्ट, करडी पँट, बोलणं मोजकं. वर्षातून एकदा यायचे आणि दारातूनच सांगायचे, "नऊ नंबर. काळा, लेसचा, साधा."

"बसा ना साहेब, घालून बघा."

"गरज नाही."

खोका घेतला की चालू पडायचे. मी पाठमोरं बघत राहायचे. चालताना त्यांचा उजवा बूट दर पावलाला 'फट्' करून वाजायचा. टाच सुटत होती. म्हणजे बूट मोठा होत होता, पण फक्त उजवाच. मला प्रश्न पडायचा, पण जो माणूस खुर्चीवर बसतच नाही त्याला विचारणार काय?

एके दुपारी ते आले ते डावा हात गळ्यात बांधून. शेठ नमाजाला गेला होता, सेल्समन जेवायला. दुकानात मी एकटी. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, वर माळ्यावर कोणी आहे का?"

"कोणी नाही. खोकेच आहेत."

"जरा वर येता?"

माळ्यावर खोक्यांच्या भिंतीमध्ये एक स्टूल होतं, त्यावर ते बसले. एका हाताने उजव्या बुटाची लेस सोडायला लागले. मी मदतीला वाकले, तर या वेळी नको म्हणाले नाहीत. बुटातून आधी कापसाचा बोळा निघाला, मग घडी केलेला कागद, मग एकावर एक घातलेले दोन मोजे. आणि मग पाय. लहान, बारीक, एखाद्या शाळकरी मुलाचा असावा तसा.

"पोलिओ," ते म्हणाले. "लहानपणी झाला. परवा ऑफिसच्या जिन्यावर बूट मागे राहिला आणि मी पुढे गेलो. बायको आणि डॉक्टर सोडले तर हा पाय कुणी बघितलेला नाही."

मी माप घेतलं. डावा नऊ, उजवा सात. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "नखं किती नीट कापता हो साहेब. आमच्याकडे येणाऱ्यांची बघाल तर..."

साहेब हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मग सगळं सांगितलं त्यांनी. पूर्वी गिरगावात एक कारागीर त्यांना दोन मापांचा जोड शिवून द्यायचा. तो वारला, त्याच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलं. मग एकदा साहेबांनी दुसरीकडून एकाच डिझाइनचे दोन जोड घेतले, एक सातचा, एक नऊचा. प्रत्येकातला एकेक बूट वापरला. आणि उरलेले दोन?

"आहेत कपाटात. नवे कोरे. टाकवत नाहीत, आणि एकेकटा बूट कुणाला देणार? कपाट उघडलं की दिसतात. मला उगीच वाटतं, आपण कुणाचं तरी काही अडवून ठेवलंय. म्हणून परत तसे घेतले नाहीत. कापूस बरा."

मी शेठला विचारून बघितलं, एका गिऱ्हाइकासाठी जोड फोडता येईल का? नाव सांगितलं नाही. शेठ म्हणाला, "सुषमाबेन, एक जूता मैं बेच दूँगा. दूसरा किसको पहनाऊँ, बगुले को?" त्याचंही खरं होतं. मी साहेबांच्या बुटात जाड सोल बसवून दिला, टाचेला मऊ पट्टी लावली. 'फट्' जरा कमी झालं. बंद झालं नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका शनिवारी संध्याकाळी डिलाईल रोडचा नितीन परब आला, आईला घेऊन. पंचविशीतला पोरगा, लोअर परळच्या एका टॉवरमधल्या कंपनीत कामाला. त्याचे वडील त्याच आवारातल्या गिरणीत होते. नितीन आतापर्यंत आत कॉम्प्युटरसमोर बसायचा, तिथे स्पोर्ट्स शूज चालायचे. आता त्याला बाहेरच्या गिऱ्हाइकांना भेटायचं काम मिळणार होतं. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर मुलाखत होती, आणि निरोप आला होता की फॉर्मल बुटात या.

"मावशी, एक प्रॉब्लेम आहे," तो बसता बसता म्हणाला. "माझे पाय दोन वेगळ्या गाड्यांचे पार्ट आहेत."

त्याची आई म्हणाली, "झिल माझो लहानपणी जिन्यावरसून पडलो. तेवापासून ह्येचे पाय म्हणजे दोन भाव आसत, पण एकामेकाक वळखनत नाय."

मी पट्टी लावली. डावा पाय सात. उजवा लावला. नऊ. मी पट्टी पुसून परत मोजले.

"काय झालं मावशी? वाढले काय?"

"गप बस," मी म्हटलं. "उद्या दुपारी ये."

तो गेल्या गेल्या मी धैर्यवानसाहेबांना फोन लावला.

"साहेब, एक स्थळ आलंय."

"बाई, माझ्या मुलीचं लग्न कधीच झालं."

"मुलीला नाही. तुमच्या पायाला. डावा सात, उजवा नऊ. पोरगा चांगला आहे, डिलाईल रोडचा. उद्या दुपारी दुकानात येतोय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग, "तुम्ही त्याला माझं नाव सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." फोन ठेवून दिला.

रविवारी नितीन आईला घेऊन हजर. मी त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "तुझ्या उलट मापाचे एक गृहस्थ आहेत, पण त्यांना यायचं नाही. आपण दुसरं काहीतरी बघू." बघणार काय होते? कापूसच. तेवढ्यात दारात धैर्यवानसाहेब. हातात कापडी पिशवी. आत आलेच नाहीत. उंबऱ्यावरूनच पिशवी गल्ल्यावर ठेवली.

"ह्यात ते दोन बूट आहेत. त्या मुलाला द्या. मला त्याला भेटायचं नाही." आणि वळून चालायला लागले.

मी पिशवी उघडली. काळे, लेसचे, साधे. वर्षानुवर्षं कपाटात पडलेले, पण त्यांना ताज्या पॉलिशचा वास येत होता. म्हणजे सकाळी बसून माणसाने पॉलिश केलं होतं. मी ते नितीनच्या पायांत चढवले. तो उभा राहिला. दोन पावलं टाकली, थांबला, खाली बघितलं. परत दोन टाकली. त्याची आई काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. बुटांचा आवाज दोन्हीकडून सारखा येत होता, टक, टक, टक.

"हे कुणाचे आहेत?" त्याने विचारलं.

मी नुसतं दाराकडे बघितलं, बस्स. पोरगा तीरासारखा बाहेर पळाला. मी मागोमाग.

साहेब उसाच्या रसाच्या दुकानापर्यंत पोचले होते. रविवारची दादरची गर्दी, खांद्याला खांदा. "काका! ओ काका!" साहेब वळले. त्यांनी नितीनच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांची नजर खाली. कपाटातले ते दोन बूट गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे चालत येत होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

नितीन जवळ जाऊन उभा राहिला. साहेब अजून बुटांकडेच बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, "लेस नीट बांधलेली नाही."

"मला येत नाही काका. मी आजपर्यंत असले घातलेच नाहीत."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग भर दादरमध्ये, फूटपाथच्या लोखंडी रेलिंगवर आपला उजवा पाय ठेवला आणि गाठ सोडून पुन्हा बांधून दाखवली. "ही अशी. दोन्ही फासे सारखे आले पाहिजेत."

नितीन वाकून बघत होता. "काका, तुमचा हा पाय..."

"सात."

"माझा डावा सात."

"माहीत आहे. आता बांध."

सोमवारी नितीनला ते काम मिळालं. बुटांमुळे मिळालं असं मी म्हणणार नाही, पण त्याची आई तसंच म्हणते आणि तिच्याशी वाद घालायची हिंमत कुणात नाही.

तिथून पुढे ते दोघं दरवर्षी मिळून यायचे. एक जोड सातचा, एक नऊचा, बिल निम्मं-निम्मं. उठताना दोघांच्या पायांत बरोबर बसलेला एकेक जोड. शेठने पहिल्या दिवशी हा प्रकार बघितला आणि स्वतःहून चहा मागवला. नंतर ती प्रथाच पडली. फक्त एकमत मात्र कधी झालं नाही. डिझाइन एकच घ्यायला लागायचं ना! साहेबांना पाहिजे काळा, लेसचा, साधा. नितीनला पाहिजे टॅन, नक्षीवाला, चकचकीत.

"काका, हा घालून तर मला कुणी पण 'युअर ऑनर' म्हणेल."

"आणि हा घालून मला बँडवाला म्हणतील."

शेवटी शेठनेच निवाडा दिला, एका वर्षी एकाची पसंती, पुढच्या वर्षी दुसऱ्याची. नितीनच्या पाळीला साहेब टॅन रंगाचे नक्षीवाले बूट घेऊन गेले, चेहरा कडुलिंब प्याल्यासारखा. पुढल्या खेपेला मी विचारलं, "कसे वाटले साहेब?" म्हणाले, "ऑफिसात पार्टनरने विचारलं, धैर्यवान, दुसरं लग्न करताय का?" पण बूट बघितले तर चांगले झिजले होते, म्हणजे आवडीने घातले होते. आणि चालताना 'फट्' नाही. जिना उतरताना आता कठडा धरत नाही, असंही जाता जाता सांगून गेले.

नितीनच्या लग्नात परळच्या हॉलवर मेहुण्यांनी त्याचा उजवा बूट लपवला. नवरदेवाला दुसरा कुणाचा चालण्यातला नाही, हे कळल्यावर त्या जास्तच चेकाळल्या. तेव्हा नवरदेवाच्या बाजूने धैर्यवानसाहेब वाटाघाटीला बसले. फोर्टातला सॉलिसिटर आणि नायगावच्या चार मुली! साहेब साफ हरले. सगळ्यांना आइस्क्रीम चारल्यावर बूट सुटला.

दरम्यान धंदा बदलत गेला. लोक फोनवर बूट मागवायला लागले. घरी आलेला बूट टोचला तर परत पाठवायचा, दुसरा मागवायचा. पायाकडे बघणारं मध्ये कुणी उरलं नाही. आमच्या दुकानात दोनाचा एक सेल्समन झाला. एका कोपऱ्यात मऊ सोलचे, चालायला जायचे बूट आले. शेठ त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचा. मला वाईट वाटायचं, पण माझी स्वतःची सून टीव्ही बघता बघता चपला मागवते, तर लोकांना काय बोलणार?

धैर्यवानसाहेब निवृत्त झाले. तरी वर्ष झालं की यायचेच. नितीनही यायचा, तो आता मॅनेजर झाला होता. मी गेल्या वर्षी काम सोडलं, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. साहेब दारापर्यंत टॅक्सीने आले. एरवी सिद्धिविनायकाला जाऊन प्रभादेवीहून दादरपर्यंत पायी यायची त्यांची पद्धत होती. खुर्चीवर बसायलाही वेळ लागला. त्या वर्षी पाळी साहेबांची होती. नितीन आधीच मांडणीपाशी काळे, लेसचे, साधे बूट काढून ठेवत होता.

मी साहेबांचा डावा मोजा उतरवला. चांगला, मोठा, नऊ नंबरचा पाय. अंगठ्याचा सांधा सुजून लालबुंद झाला होता. पट्टीचा स्पर्श होताच त्यांनी डोळे मिटले. मी वर बघितलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "त्याला सांगू नका. तो काळा जोड द्या बांधून."

मी स्टुलावर तशीच बसून राहिले. इतकी वर्षं एकच गोष्ट धरून चालले होते, की दुखणारा बूट घालून आपल्या दुकानातून कुणी जाता कामा नये. आणि साहेब गळ घालत होते की गप्प बसा. मी दोन्ही ऐकू शकत नव्हते. उठले आणि मोठ्याने म्हटलं, "हा जोड मी विकणार नाही."

शेठने गल्ल्यावरून मान वर केली. "क्या बोला?"

"नहीं बेचूँगी, शेठ."

नितीन हातातला बूट ठेवून आला. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि खाली उकिडवा बसला. पाय दिसला त्याला.

"काका, हे कधीपासून?"

"काही नाही रे. वय झालं."

"एवढ्या दुखऱ्या पायात तुम्ही लेदर घालता? आणि घालून जाता कुठे? ऑफिस तर सुटलं."

साहेबांनी उतरवलेला मोजा हातात घेतला. मग म्हणाले, "खाली दूध आणायला जातो."

"दूध आणायला? पॉलिश करून?" नितीन हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "माझ्यासाठी घेत होतात. हो ना?"

"मग काय करू?" साहेब एकदम चिडून म्हणाले. "तू मॅनेजर झालास. चार लोकांपुढे उभा राहतोस. तुला दुसरा सात-नऊवाला मी कुठून आणून देऊ? कापूस घालायचास का? मी घातलाय कापूस. मला माहीत आहे."

नितीन उठला. त्या मऊ बुटांच्या कोपऱ्यात गेला आणि एक बूट घेऊन आला. मऊ सोलचा, पुढे ऐसपैस, लेसच्या जागी चिकटपट्ट्या. रंग राखाडी. आजोबा लोक शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना घालतात तसला.

"मावशी, हा सात आणि नऊमध्ये काढा."

"अरे, आणि तू ऑफिसला काय घालणार?" साहेबांनी विचारलं.

"हाच."

"हा? मॅनेजर?"

"मॅनेजरला कोण विचारतोय, काका?"

तो खोटं बोलत होता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्याच्या ऑफिसात किती कडक आहेत ते त्यानेच हजारदा सांगितलं होतं. शेठ गल्ल्यावरून उतरला. त्या कोपऱ्याला आयुष्यात हात न लावलेला माणूस, गुडघे धरत माळ्यावर चढला आणि थोड्या वेळाने धुळीने माखून खाली आला. दोन खोके काखेत. "काले में भी है," तो म्हणाला. "काला पहनेगा तो दूर से फॉर्मल दिखेगा. जास्ती नजदीक किसी को आने मत दे."

मी स्टूल ओढलं आणि चारी पायांत बूट चढवले. साहेबांचा सुजलेला अंगठा आत गेला, आणि त्यांच्या तोंडून नुसता एक लांब श्वास बाहेर पडला. ते उठले. आरशापर्यंत गेले, वळले, परत आले आणि परत गेले. नितीन शेजारी चालत होता. मध्यमवयाकडे झुकलेला, टाय लावलेला मॅनेजर, पायात आजोबांचे बूट.

नितीनने पुढे काय केलं ते त्याच्या बायकोकडून कळलं. जुना काळा लेदरचा जोड त्याने नवा सोल घालून ऑफिसच्या टेबलाखाली ठेवलाय. मीटिंग असली की तो चढवतो, संपली की परत चिकटपट्ट्या. बॉसने एकदा टोकलं, तर म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते विचारलं नाही म्हणे कुणी.

आणि साहेबांचा मला फोन आला, मी काम सोडायच्या आदल्या आठवड्यात. ते स्वतःहून कधी फोन करत नसत, म्हणून मी घाबरतच घेतला. पलीकडे नुसता वारा.

"बाई, नरिमन पॉइंटहून बोलतोय."

"टॅक्सी मिळत नाहीये का साहेब?"

"टॅक्सी कशाला? ठाकुरद्वारहून चालत आलोय. चार ठिकाणी बसलो, पण आलो."

"पाय?"

"आहे जागेवर. आता नितीनला फोन लावतो. मीटिंगमध्ये असेल, असू दे. बाहेर येऊन ऐकेल."

मग फोनवर 'चर्र' असा आवाज झाला, आणि पाठोपाठ दुसरा 'चर्र'. आयुष्य बुटांच्या दुकानात गेलेलं, मला विचारावं लागलं नाही. साहेबांनी समुद्राच्या कठड्यावर, चारचौघांत बसून, चिकटपट्ट्या सोडून दोन्ही बूट काढले होते.

"बाई," ते म्हणाले, "वारा काय छान लागतोय हो पायांना."